बेणाकटकचा स्वामी आणि आपली वैनगंगा

महाराष्ट्राचा एक कोरा नकाशा घ्या आणि जिथे जिथे बौद्ध लेणी आहेत तिथे तिथे एक ठिपका देत चला. मुंबईला कान्हेरी, लोणावळ्याजवळ कार्ले-भाजे-बेडसे, जुन्नरच्या भोवती तर ठिपक्यांचा सडाच, नाशिकला पांडवलेणी, मग औरंगाबाद, वेरूळ, अजिंठा. पुढे विदर्भात शिरलात की पेन्सिल थांबत थांबत चालते. अकोला जिल्ह्यात पातूर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीची विजासन लेणी... आणि आमच्या भंडाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर नकाशा जवळजवळ कोरा!

मी भंडाऱ्याचा, नोकरी पुण्यात. इथले मित्र वीकेंडला कार्ल्याला, भाज्याला जातात, आणि "तुमच्याकडे असं काय आहे रे?" असं सहज विचारतात. तलाव आहेत, तांदूळ आहे, पितळेची भांडी आहेत, मँगनीज आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीचं काय? नकाशा बघून कुणालाही वाटेल की तेव्हा इकडे नुसतं जंगल होतं आणि इतिहास सगळा सह्याद्रीत घडत होता.

गंमत अशी आहे मंडळी, की या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा थेट त्या सह्याद्रीतल्या लेण्यात सापडतो. सातशे किलोमीटरच्याही वर लांब, नाशिकला. एका शब्दात. तो शब्द आहे "बेणाकटक".

आधी नाशिकचं बघू. शहराच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यालगत जो डोंगर दिसतो त्याचं जुनं नाव त्रिरश्मी. शिलालेखात "तिरण्हु" किंवा "तेकिरसि" अशा रूपात येतं. त्यात २४ लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे कोणी खोदलं ते विसरलं की पांडवांच्या नावावर टाकायची पद्धत आहे, तसंच हे. ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढची दोन-तीन शतकं. पैसा सगळ्या प्रकारच्या लोकांनी दिला. राजे होते, राण्या होत्या, अधिकारी होते, व्यापारी होते. एका लेण्यावर सातवाहन कुळातल्या कृष्ण राजाच्या काळातला लेख आहे, एक लेणं क्षत्रप नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं आहे, आणि तिसऱ्या क्रमांकाचं भलंमोठं लेणं गौतमी बलश्रीचं. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई.

या तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत गौतमीपुत्राचे दोन हुकूम कोरलेले आहेत. हुकूम म्हणजे अगदी सरकारी जीआर! आधी बहुधा एखाद्या टिकाऊ नसलेल्या वस्तूवर लिहिलेला असणार, मग तो दगडात उतरवला. पहिल्या हुकमावर राज्यवर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस अशी तारीख आहे. विजयी सेनेच्या छावणीतून राजा गोवर्धनच्या (म्हणजे नाशिक परिसराच्या) विण्हुपालित नावाच्या अमात्याला कळवतो की अपरकखडी गावातलं जे शेत आजवर उषवदाताकडे होतं, २०० निवर्तनं, ते आता त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं आहे. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरायचं नाही, मीठ खणायचं नाही, इत्यादी सवलतीसुद्धा नोंदवलेल्या आहेत.

आता याचा अर्थ बघा. उषवदात हा शत्रूचा जावई. म्हणजे नहपानाला हरवून गौतमीपुत्र नुकताच नाशिकमध्ये आलाय, छावणी अजून उठलेली नाही, आणि पहिल्या कामांत शत्रूच्या ताब्यातली जमीन भिक्षूंच्या नावे करतोय. सत्ता बदलली, डोंगरावरचे भिक्षू तिथेच. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या साधारण दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला! दगडात आणि चांदीत एकच गोष्ट लिहिलेली आहे.

(सहा वर्षांनी, म्हणजे राज्यवर्ष २४ मध्ये, दुसरा हुकूम निघतो तो तर वाचण्यासारखा आहे. कखडी गावातलं शेत दिलं खरं, पण ते कसलं जात नाही आणि गावात कोणी राहत नाही. तेव्हा त्याऐवजी शहराच्या हद्दीवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं द्या. लढाईने ओस पडलेल्या गावाची इतकी साधी नोंद क्वचितच मिळेल.)

आता आपला शब्द. पहिल्या हुकमात गौतमीपुत्राच्या नावाआधी त्याची ओळख येते, "गोवधनस बेनाकटकस्वामि". बेणाकटकचा स्वामी. हे बेणाकटक कुठलं?

एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने नाशिकचे लेख १९०५-०६ च्या एपिग्राफिया इंडिकात संपादित केले. त्याने सरळ वाचलं की गोवर्धन विभागातल्या बेणाकटकचा स्वामी. म्हणजे बेणाकटक हे नाशिकच्याच आसपासचं एखादं ठिकाण. बरेच अभ्यासक आजही असंच मानतात.

पण नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी वेगळी वाट धरली. मिराशी (१८९३–१९८५) मूळचे कोकणातले, पण त्यांचं सगळं काम नागपुरात बसून झालं. वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख एकत्र करून त्यांनी जो खंड केला तो १९६३ साली निघाला, आणि विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा अर्धाअधिक भार आजही त्यावरच आहे. मिराशींचं म्हणणं असं की बेणा म्हणजे वैनगंगा आणि कट म्हणजे काठ. बेणाकटक म्हणजे वैनगंगेच्या काठचा प्रदेश, म्हणजेच आपला भंडारा आणि बालाघाटचा मुलूख. क्षत्रपांनी पश्चिम महाराष्ट्र घेतला तेव्हा सातवाहनांकडे उरलेला मुलूख इकडचा होता, आणि इथून उठून गौतमीपुत्राने नहपानाला गाठलं.

हे नुसतं नावाचं साम्य नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या तिरोडी ताम्रपटात बेण्णाकट नावाचा प्रदेश येतो, त्याच्या पश्चिम भागातलं एक गाव दान दिल्याचा तो ताम्रपट आहे. तिरोडी म्हणजे तेच, तुमसर रोडवरून जिथे रेल्वेचा फाटा जातो ते! आज मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात आहे, पण आमच्या तुमसरच्या माणसाला ते परकं नाही. म्हणजे वैनगंगेकाठच्या प्रदेशाला बेण्णाकट म्हणत होते, हे काही शतकांनंतरचं का होईना, तांब्यावर लिहिलेलं आहे.

मग भांडण कशाचं? भांडण "गोवधनस" या आधीच्या शब्दाचं. ब्राह्मी लेखांत आजच्यासारखी विरामचिन्हं नसतात, शब्द सलग येतात. आम्हा प्रोग्रामरांना हा प्रश्न ओळखीचा आहे. कंस दिले नसतील तर कोण कोणाला जोडायचं? "गोवर्धनचा" हा शब्द पुढच्या बेणाकटकला जोडला की बेणाकटक नाशिकला जातं. तोच मागच्या छावणीला जोडला, म्हणजे "गोवर्धनच्या विजयी छावणीतून, बेणाकटकचा स्वामी...", की बेणाकटक मोकळं होतं आणि वैनगंगेकडे यायला वाट मिळते. त्यात बेणा, वेण्णा, वेणा या नावाच्या नद्या महाराष्ट्रात एकाहून जास्त. साताऱ्याची वेण्णा आहे, नागपूर-वर्ध्याकडची वेणा आहे. म्हणजे नुसत्या नावावर पैज लावण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर मिराशींची बाजू मला आवडते, पण "आवडते" हा पुरावा नव्हे. भंडाऱ्याचा माणूस म्हणून तर मी जास्तच सावध राहायला पाहिजे. "गौतमीपुत्र आमचा!" अशी पाटी लावायला एक शब्द पुरत नाही. एवढं मात्र पक्कं आहे की विदर्भ गौतमीपुत्राच्या राज्यात होता. त्याच तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईच्या मोठ्या लेखात त्याच्या मुलखांची यादी आहे, असिक, असक, मुलक, सुरठ, अपरांत वगैरे, आणि त्यात "विदभ" स्पष्ट आहे.

पण समजा सेनार बरोबर आहे. समजा बेणाकटक नाशिकचंच. तर मग भंडाऱ्याचा नकाशा पुन्हा कोरा होतो का? इथे लेण्यांतून बाहेर पडून पवनीला यावं लागतं.

पवनी भंडारा जिल्ह्यात दक्षिणेला, वैनगंगेच्या काठावर. गोसीखुर्दच्या धरणामुळे आता सगळ्यांना ठाऊक झालेलं. घाट आणि देवळं इतकी की लोक विदर्भाची काशी म्हणतात. गावाच्या तीन बाजूंना मातीचा जुना तट आणि बाहेर खंदक, चौथ्या बाजूला नदी. तटाच्या दरवाजातून आत शिरणाऱ्याला वाटतं की भोसल्यांच्या वेळचं काही असेल. खाली बरंच जुनं आहे.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ ला आला. जगन्नाथ टेकडी म्हणून जिला लोक ओळखत होते तिच्या पोटात निघाला स्तूप! थोडाथोडका नाही, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या (व्यास सुमारे ३६.५ मीटर) बरोबरीचा. भोवती प्रदक्षिणेचा मार्ग, दगडी कठडा, आणि कठड्याच्या खांबांवर कोरीव काम. ज्यांनी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं ब्राह्मीत. एका शिल्पात पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे, जो पावसापासून बुद्धाचं रक्षण करतो. पण बुद्ध मात्र माणसाच्या रूपात नाही, त्याच्या जागी रिकामं आसन. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत सुरू व्हायच्या आधीची ही रीत, भारहुत आणि सांचीला दिसते तीच. नागाचं नावसुद्धा शेजारी कोरलेलं आहे. चांडकापूरच्या बाजूला आणखी एक मोठा स्तूप निघाला. पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पवनीला पुन्हा खणलं.

आता तारखा जुळवून बघा. पवनीचा स्तूप इसवी सनापूर्वीच्या शतकांतला, म्हणजे नाशिकच्या बहुतेक लेण्यांच्या आधीचा! गौतमीपुत्राने नाशिकला हुकूम काढला तेव्हा पवनीचे लोक कितीतरी पिढ्या त्या कठड्याभोवती प्रदक्षिणा घालत होते.

आजूबाजूलाही नजर टाका. नागभीडच्या बाजूला देवटेकला एक शिळा सापडली, तिच्यावर प्राण्यांना पकडू-मारू नये असा मौर्यकालीन आदेश. कुही तालुक्यातलं अडम हे तटबंदीचं प्राचीन नगर, तिथे "असक जनपद" असा मजकूर असलेली मुद्रा मिळाली. आणि खुद्द पवनीत महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या नावाचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ. क्षत्रप म्हटलं की आपण नाशिक, जुन्नर, कार्ले समजतो, आणि इथे वैनगंगेच्या काठी एका क्षत्रपाच्या नावाचा खांब उभा! म्हणजे सातवाहन-क्षत्रपांच्या झगड्याचा एक पाय इकडेही होता. मिराशींच्या तर्काला बळ इथून मिळतं, त्या एकट्या शब्दातून नाही.

मग प्रश्न येतो की एवढं सगळं होतं तर लेणी का नाहीत? भिक्षू होते, दानशूर होते, कारागीर होते. डोंगर कोरायला काय हरकत होती?

उत्तर पायाखाली आहे. पश्चिम महाराष्ट्र उभा आहे बेसॉल्टवर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकावर एक आडव्या थरांवर. एकसंध, जाड, तासायला धार्जिणा दगड. राज्याचा साधारण ऐंशी टक्के भाग याने झाकलेला आहे. हा थर नागपूरच्या आसपास संपतो. त्यापुढे भंडाऱ्यात कोट्यवधी वर्षांनी जुने, दाबले-मुरडले गेलेले खडक सुरू होतात. भूगर्भशास्त्रात त्यातल्या एका खडकसमूहाचं नावच आपल्या साकोलीवरून पडलंय. याच जुन्या खडकांत चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज आहे. कठीण खडकात गुहा खोदता येतच नाहीत असं नाही, बिहारमध्ये बराबरच्या टेकड्यांत अशोकाच्या काळी ग्रॅनाइटमध्ये खोदल्याच. पण त्या मोजक्या आणि लहान. कार्ल्यासारखं चैत्यगृह तिथे नाही. शिवाय सह्याद्रीतली लेणी घाटांच्या तोंडाशी आहेत, नाणेघाट, बोरघाट, थळघाट. व्यापारी तांडे थांबायचे, दान करायचे, वाटेवरच डोंगर होता. पवनीचा व्यापारी नदीकाठच्या सपाटीवर होता. त्याच्याकडे डोंगर नव्हता, नदीची माती होती. माती असली की माणूस वीट पाडतो. म्हणून नाशिकच्या लोकांनी डोंगर कोरला आणि पवनीच्या लोकांनी स्तूप बांधला. श्रद्धा तीच, खर्च करायची ऐपत तीच, हाताशी असलेला माल वेगळा.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. लेणं चोरता येत नाही. डोंगरच तो, उचलून नेणार कुठे? फार तर कोणी त्यात गुरं बांधेल, देवाला शेंदूर फासेल. पण रचलेल्या विटेला पाय फुटतात. आंध्रात अमरावतीच्या स्तूपाचे दगड अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जमीनदाराच्या बांधकामाला लागले, १७९७ मध्ये कॉलिन मॅकेन्झी पोचला तेव्हा मोडतोड चालूच होती. भारहुतला १८७३ मध्ये कनिंगहॅम गेला तोवर स्तूपाच्या बहुतेक विटा आसपासच्या गावातल्या घरांत गेलेल्या. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तयार भाजलेली वीट फुकट मिळत असेल तर कोण सोडेल?

म्हणजे आपण आज जो नकाशा बघतो, तो "कुठे काय होतं" याचा नकाशा नाही. तो "कुठे काय टिकलं" याचा आहे. सर्व्हरवर ज्याचे लॉग राहिले तेवढेच युजर आले होते असं कोणी म्हणालं तर आपण हसू. इतिहासात मात्र आपण बिनदिक्कत तेच करतो! बेसॉल्टने पश्चिमेचा बॅकअप घेऊन ठेवला. वैनगंगेच्या काठचा बॅकअप कुणी घेतला नाही, जे आहे ते मातीखाली आहे, आणि त्या मातीवर आज माणसं राहतात.

पवनीचं हे दुखणं आहे आणि हीच तिची जमेची बाजूही. गाव ओस पडलं नाही. जुन्या नगरावरच नवं गाव, तटावर वस्ती, टेकडीवर देवाचं नाव. दर वर्षी घरांचे पाये खणले जातात, नाल्या होतात, रस्ते रुंद होतात. कुदळ कधी लागेल आणि काय निघेल सांगता येत नाही. पाया खणताना आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची वीट दिसली, तर ती नुसती जुनी वीट नाही. बोलीत सांगायचं तर, "फेकू नको गा भाऊ, थांब थोडा!" कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली चीज जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. कायद्याहून सोपं म्हणजे वीट जिथे आहे तिथेच ठेवून फोटो काढणं, कुठे आणि किती खोलीवर निघाली ते लिहून ठेवणं, आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या ऑफिसला सांगणं. जागेवरून हललेली वीट पाव माहिती सांगते, जागेवरची पूर्ण.

राहिला बेणाकटकचा प्रश्न. तो सुटेल तेव्हा सुटेल. कदाचित पवनीच्याच एखाद्या पायातून "बेणाकट" अक्षरं असलेला दगड निघेल आणि मिराशी जिंकतील. कदाचित नाशिकजवळ निघेल आणि सेनार जिंकेल. मला दोन्ही चालेल. पण तो दगड निघायच्या आधी कुठल्यातरी भिंतीत भरला गेला, तर मात्र दोघेही हरले, आणि आपणही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "तुमच्याकडे काय आहे?" विचारलं तर पवनी सांगा. नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे साधारण ८० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. आधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात (आपला अजब बंगला, १८६३ चा) डोकावून जा, या मुलखातले लेख असलेले काही दगड तिथे आहेत. मग जगन्नाथ टेकडीवर जा, तटावरून एक फेरी मारा आणि वैनगंगेच्या घाटावर बसा. लेण्यासारखं डोळे दिपवणारं तिथे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बघायला थोडं डोकं आणि बरीच कल्पना लागते. आणि नाशिकला गेलात तर तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत दोन मिनिटं जास्त थांबा. तिथे ब्राह्मीत एक शब्द आहे. तो आपला असेल किंवा नसेलही, पण एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?